कूस

रात्री दोनचा गजर व्हायचा तेव्हा आई बहुतेक वेळा जागीच असायची. झिरोच्या बल्बच्या उजेडात तिचे दोन डोळे माझ्याकडे लागलेले असायचे. मी उठायचे, तळहात एकमेकांवर चोळायचे आणि म्हणायचे, "आई, आता तुला डाव्या कुशीवर घेते हं." मग तिचा उजवा गुडघा दुमडायचा, एक हात खांद्यामागे, एक खुब्यामागे, आणि कमरेखाली आडवी घातलेली चादर, ड्रॉ-शीट, मुठीत धरून एका दमात आपल्याकडे ओढायचं. पाठीला उशी. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटरीखाली चादरीची घडी. चारला पुन्हा. सहाला पुन्हा.

सांगितल्याशिवाय वळवायचं नाही आणि गार हात लावायचा नाही, हे दोन्ही नियम तिचेच. आईची सगळी नोकरी एका मिशन हॉस्पिटलात झाली. आधी वॉर्ड सिस्टर, मग नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर. मी मिशन कंपाउंडमध्येच वाढले. तिच्या विद्यार्थिनी घरी यायच्या तेव्हा आमच्या लाकडी पलंगावर मलाच पेशंट करून त्यांचा बॅक केअरचा सराव चालायचा. एखादीचे हात गार लागले की मी अंग चोरायचे, आणि आई तिला म्हणायची, "बघ, पेशंटला आधी तुझा हात कळतो. तुझं शिक्षण नंतर कळतं."

त्या आईला सत्तराव्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात आम्ही अकरा दिवस होतो. घरी सोडताना फाइल मिळाली, गोळ्यांची यादी मिळाली, नळीतून भरवायचं कसं ते दाखवलं. वळवायचं कसं आणि किती वेळाने, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नर्सची मुलगी मी. लहानपणी शंभरदा वळवून घेतलेली. तरी मला वाटलं, झोपलेल्या माणसाला कशाला हलवायचं, आराम पडू दे.

तिसऱ्या आठवड्यात अंग पुसताना माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. चार दिवसांत तिथली कातडी गेली.

ती जखम मी रोज धुतली. सलाइनने धुवायची, गॉज ठेवायचा. आई बोलू शकत नव्हती, पण धुताना तिचा डावा हात पलंगाच्या कडेवर आवळला जायचा आणि नखं पांढरी पडायची. जिने आयुष्यभर मुलींना शिकवलं की बेडसोर, पडून पडून होणारी जखम, म्हणजे पेशंटचा आजार नव्हे, ती नर्सची चूक, तिच्याच अंगावर माझी चूक उघडी पडली होती. मला वाटतं, देवावर मी चिडले ती त्या दिवसांत. खरं तर मी स्वतःवर चिडले होते, पण स्वतःवर चिडून माणूस फार दिवस उभा राहू शकत नाही. मग दुसरं कुणीतरी लागतं.

मंडळीतले, आमच्या चर्चमधले, लोक यायचे. पाळकसाहेब यायचे, आईच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे. निघताना जवळजवळ प्रत्येक जण बायबलमधलं, पेत्राच्या पहिल्या पत्रातलं वचन म्हणायचा: "त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो." रविवारच्या शाळेपासून मला ते पाठ आहे. त्या महिन्यांत मात्र ते ऐकलं की माझ्या मनात एकच यायचं, टाकते की, पण दोन वाजता उठणार कोण? १२१व्या स्तोत्रात म्हटलंय की इस्राएलाचा राखणदार डुलकीसुद्धा घेत नाही. तो जागा आहे यावर माझा विश्वास होता. पण मी माणूस होते. सकाळी साडेसातला शाळेत हजर राहून पाचवीच्या मुलांना अपूर्णांक शिकवणारी, फळ्यासमोर उभ्या उभ्या डोळा लागणारी. जागा असलेला देव आणि झोपेने मेलेली मी, या दोघांच्या मध्ये आई पडून होती आणि तिला वळवायला हात दोनच होते.

माणसं प्रेमानेच येत होती. त्यांच्या प्रार्थना मला नको होत्या असं मुळीच नाही. फक्त डोळे मिटून प्रार्थना चालू असताना मी चोरून घड्याळ बघायचे. बाराला वळवायचं राहून जाईल म्हणून.

अशातच एका बुधवारी दुपारी दारात मावशी उभी राहिली. आईच्या हॉस्पिटलात ती आया होती. आता सत्तरीकडे झुकलेली, गुडघ्यांनी वाकडी झालेली. हातात कापडात बांधलेल्या दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. ती आत आली, माझ्याकडे न बघता सरळ आईच्या पायथ्याशी गेली आणि म्हणाली, "सलाम, सिस्टर."

आईचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत तिला कुणी सिस्टर म्हटलं नव्हतं.

मावशीने पांघरूण उचललं, टाचा बघितल्या, खुबे बघितले, मग जखम बघितली. मी वाट बघत होते की आता ही काहीतरी बोलणार. ती एवढंच म्हणाली, "मॅकिन्टॉश गोळा झालंय खाली. सुरकुती रुतते." मॅकिन्टॉश म्हणजे चादरीखालचं रबरी कापड. मग माझ्याकडे वळली. "तू जेवलीस का? हे खा आणि पड तिकडे. दोनला मी वळवते, चारला मी वळवते. सहाला तुला उठवते."

मी म्हटलं, "मावशी, तुमचे गुडघे..."

"गुडघ्याने वळवतात का? पड, पोरी."

मी चार तास झोपले. एलिया नावाच्या संदेष्ट्याची गोष्ट मला तेव्हा आठवली नाही. नंतर, पुष्कळ दिवसांनी आठवली. राणीच्या भीतीने पळालेला एलिया रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाला सांगतो, पुरे झालं, माझा जीव घे. त्याच्या त्या मागण्याला देव काहीच उत्तर देत नाही, समजावत नाही, विश्वास कमी पडला म्हणून रागावतही नाही. तो झोपतो. देवदूत येतो, त्याला हात लावून उठवतो, म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो आणि पुन्हा झोपतो. पुन्हा उठवून पुन्हा भाकर. पुढे डोंगरावर देवाचं आणि त्याचं बोलणं होतं, पण ते नंतर. आधी भाकर आणि झोप. आमच्याकडे उपदेशात बहुतेक वेळा डोंगरावरचा तो मंद, शांत वाणीचा भाग घेतात. माझा जीव मात्र या भाकरीपाशी अडकलेला आहे. ती मी खाल्ली आहे, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर.

त्यानंतर मावशी दर बुधवारी आली. तिने मला आईची नखं कापायला शिकवलं, आवळलेली मूठ जबरदस्तीने न उघडता आधी मनगट खाली वाकवायचं म्हणजे बोटं आपोआप सैल होतात हे दाखवलं. एकदा अंग पुसता पुसता ती उपासनेतलं एक जुनं गीत गुणगुणू लागली आणि आईच्या तोंडून शब्द आले. "पाणी" म्हणता न येणारी आई गाण्याची अख्खी ओळ म्हणत होती. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की असं होतं, बोलणं गेलेल्या माणसाचं गाणं पुष्कळदा शाबूत राहतं. मी वाटी हातात धरून तशीच उभी होते.

त्या दिवसांत एक शब्द माझ्या मागे लागला. दिवसातून बारा वेळा तो तोंडात यायचा. कूस. डावी कूस, उजवी कूस. आपल्या भाषेत या एका शब्दात आईचं पोट आहे आणि बरगडीखालची बाजूही आहे. मूल कुशीत वाढतं, कुशीत झोपतं, आणि म्हातारं माणूस कुशीवर वळवावं लागतं. यशयाच्या ४६व्या अध्यायात देव याच दोन टोकांची गोष्ट करतो. बाबेलच्या मूर्ती जनावरांच्या पाठीवर लादाव्या लागतात, त्या ओझं होऊन बसतात. पण तुम्हाला, तो म्हणतो, उदरापासून मी उचललं, आणि केस पिकेपर्यंत मीच वाहून नेईन. लोकांनी देवाला वाहून न्यायचं की देवाने लोकांना, एवढाच तिथे प्रश्न आहे. आईला उचलताना मला त्यातला "वाहणं" हा शब्द कमरेत कळायचा.

आणि ४१वं स्तोत्र. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला परमेश्वर सांभाळतो, त्याच्या दुखण्यात त्याचं अंथरूण बदलतो, असं तिथे आहे. मूळ हिब्रूतलं क्रियापद उलटण्याचं, पालटण्याचं आहे. सगळं जग हातात धरणारा देव, आणि त्याच्यासाठी स्तोत्रकर्त्याला सुचलेलं काम हे! आयाचं.

पण या शब्दाने मला खरं धरलं ते योहानाच्या शुभवर्तमानात. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात वधस्तंभावरच्या येशूच्या "कुशीत" शिपाई भाला भोसकतो. आणि आठ दिवसांनी, पुनरुत्थानानंतर, थोमाला तो सांगतो की हात पुढे कर आणि माझ्या कुशीत घाल. उठलेल्या ख्रिस्ताच्या अंगावर जखम तशीच आहे. ज्याने मरण मागे टाकलं त्याला एक जखम मिटवणं अवघड नव्हतं. ती त्याने ठेवली, आणि शंका घेणाऱ्या मित्राला तिथे हात लावू दिला. सकाळी आईची जखम धुताना हा प्रसंग माझ्या डोळ्यांपुढे यायचा. देव वरून माझी काळजी घेतो असं मी लहानपणापासून मानत आले होते. त्या खोलीत मात्र मला तो वर वाटेनासा झाला. तो माझ्या हाताखाली होता. ज्या जखमेवरून मी गॉज काढत होते तिथे. हे मी दुसऱ्या कुणाला पटवून देऊ शकणार नाही आणि तसा प्रयत्नही करणार नाही. पण माझी चीड तिथे विरघळली, उत्तर मिळाल्यामुळे नव्हे, हात लागल्यामुळे.

मग अपराधीपणाचं काय करायचं? कारण नोकरी सोडता येत नव्हती, दिवसा एक बाई ठेवली होती, आणि शाळेत निघताना रोज वाटायचं की मी आईला परक्याच्या हवाली करून चालले. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला शेवटचा भाग मी तेव्हा नव्याने वाचला. यरुशलेमाहून यरीहोच्या वाटेवर लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेल्या माणसाला शोमरोनी उचलतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत आणतो. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पण दुसऱ्या दिवशी तो निघून जातो. त्याला त्याचं काम आहे. तो दोन दीनार, म्हणजे त्या काळची दोन दिवसांची मजुरी, उतारशाळेच्या रखवालदाराच्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, याची काळजी घे, वर काही लागलं तर परत येताना देईन. त्या रखवालदाराचं पुढे काहीच येत नाही. रात्री उठून त्या जखमी माणसाला पाणी कुणी दिलं असेल, पट्ट्या कुणी बदलल्या असतील? मला वाटतं, येशूने हा माणूस उगाच गोष्टीत ठेवलेला नाही. सेवा एकट्याने करायची नसते, ती सोपवताही येते, आणि परत येईन हा शब्द पाळायचा असतो. आमच्या घरी दिवसा येणारी ती बाई, बुधवारची मावशी, शनिवारी पुण्याहून येणारा माझा भाऊ, आम्ही सगळे मिळून ती उतारशाळा होतो.

आई एकदा विद्यार्थिनींना घेऊन जामखेडला जाऊन आली होती. घरी आल्यावर कितीतरी दिवस तिच्या तोंडी तिथलीच गोष्ट. आमच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला हा दुष्काळी तालुका. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेलं जोडपं १९७० साली तिथे काम उभं करायला आलं. त्याआधी वडाळा मिशनच्या दवाखान्यात त्यांनी काम केलं होतं आणि एक गोष्ट त्यांना खुपत होती: बरी करून पाठवलेली माणसं काही महिन्यांनी तेच दुखणं घेऊन परत येतात. पाणी तेच, उपासमार तीच, रूढी त्याच. १९७१च्या सुमारास त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती. आरोळ्यांनी गावागावातून बायका निवडायला सांगितल्या, त्यातल्या पुष्कळ जणी निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या, आणि त्यांना बाळंतपण, जुलाबावर साखरमिठाचं पाणी, बाळाचं वजन, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं असं सगळं शिकवलं. १९९०च्या दशकात तो १७६चा आकडा तिशीच्या खाली आला. दोघांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण आईला पुरस्काराचं काही नव्हतं. तिला हापशाची गोष्ट आवडायची. दुष्काळात गावोगाव विंधनविहिरी घेतल्या, त्या जाणूनबुजून दलित वस्तीत घेतल्या. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला त्यांच्या दारात गावाला घागर घेऊन जावं लागलं. "बघ," आई म्हणायची, "औषध सगळे देतात. पाणी कुठे द्यायचं हे त्यांना कळलं."

मला त्या बायका आठवतात. तोपर्यंत त्यांना स्वतःला कुणी नीट हात लावला नव्हता, त्यांचं मूल दगावलं तर गावाने ढुंकून पाहिलं नव्हतं. त्याच गावातल्या घराघरात शिरून त्या बाळं जोखू लागल्या. पंडिता रमाबाईंचंही असंच. १८७४च्या सुमारास, सोळा वर्षांच्या असताना, दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण थोड्या थोड्या अंतराने उपासाने गेली. पुढे १८९६–९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली रस्त्यावर पडल्यात हे कानावर आलं तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या, शेकडो मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. त्या पोरींची खपाटीला गेलेली पोटं बघताना त्यांना काय आठवलं असेल हे सांगायला नको. ज्याची स्वतःची कूस दुखलेली असते त्याचा हात बरोबर जागी पडतो. माझ्या मते ख्रिस्ती सेवेचं मूळ इथे आहे, दयेत नाही. दया उंचावरून खाली येते. हे जखमेकडून जखमेकडे जातं.

आईची जखम साडेचार महिन्यांनी भरली. मावशीने भिंग लावून बघावं तशी बघितली आणि आईला म्हणाली, "सिस्टर, पास का?" आईने डाव्या हाताने तिचा गाल थोपटला.

ती त्यानंतर सात महिने होती. गेली त्या पहाटे चारचा गजर झाला तेव्हा ती उजव्या कुशीवर होती. मी हात चोळले, तिला सांगितलं आणि वळवलं. तिचं डोकं माझ्या दंडावर आलं तेव्हा मला कळलं. उशा जिथल्या तिथे लावल्या आणि मग भावाला फोन केला.

आईची कॉट आमच्या मंडळीच्या महिला मंडळाची होती, हँडल फिरवून डोकं वर करायची. महिन्याभराने ती दोन गल्ल्या पलीकडे एका रिक्षावाल्याच्या घरी गेली. त्याचे वडील पडून होते. भिंतीवर विठ्ठलाचा फोटो, कोपऱ्यात टाळ. त्यांची सून दारात उभी होती आणि तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मला ओळखीची होती. मी आणि मावशी कॉट लावून द्यायला गेलो होतो. एअर बेडची मोटार जोडली, मॅकिन्टॉश ताणून बसवलं, वर पांढरी चादर टाकली. चादर पसरताना मावशीला काहीतरी आठवलं.

"तुझी आई सकाळच्या वॉर्ड-प्रार्थनेत ते अंथरुणाचं स्तोत्र वाचायची. देव आजाऱ्याचं अंथरूण बदलतो ते. आम्ही आया मागे उभ्या राहून हसायचो. एक दिवस मी म्हटलंच, सिस्टर, देव कुठं येतो चादरी बदलायला? आम्हीच तर बदलतोय."

"मग? आई काय म्हणाली?"

मावशीने चादरीची तिच्याकडची बाजू ओढून सरळ केली.

"काय म्हणणार? म्हणाली, कोपरे नीट खोचा."

मी पलीकडच्या बाजूला गेले, गादी उचलली आणि माझ्याकडचा कोपरा दुमडला.